'नेम डे'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की एका पोलिश कथेचा अनुवाद करताना 'आज अन्नाचा नेम डे आहे' असं वाक्य आलंय, अन्ना पन्नाशीची बाई आहे, तर बारसं लिहावं की नामकरण दिन.

दोन्ही नको. बारसं म्हटलं की वाचकाला पाळणाच दिसणार आणि नामकरण दिन म्हटलं तर वाटणार की या तारखेला तिचं नाव ठेवलं. तसं काही नसतं. आपल्याला ज्या संताचं नाव असतं त्या संताचा चर्चच्या कॅलेंडरातला जो दिवस, तो आपला नेम डे. अन्नाचा २६ जुलै, म्हणजे संत आनाचा, गोव्यात तिसवाडीतल्या सांत आना चर्चचं तवशाचं, म्हणजे काकडीचं, फेस्त असतं ना, तीच ही संत आना. आणि बऱ्याच संतांच्या बाबतीत हा दिवस त्यांच्या मृत्यूचा असतो, त्यामुळे जयंती हा शब्दही इथे बसत नाही.

म्हणजे जन्म कधीचाही असो, त्या नावाच्या बहुतेकांचा दिवस एकच. पोप जॉन पॉल दुसरे यांचं मूळ नाव कारोल, म्हणून त्यांचा नेम डे ४ नोव्हेंबर, संत चार्ल्स बोरोमिओ यांचा दिवस, कारण कारोल म्हणजेच चार्ल्स.

पोलिशमध्ये याला 'इमिएनिनी' म्हणतात, 'इमिए' म्हणजे नाव. मोठ्या माणसांचा वाढदिवसापेक्षा हाच दिवस जास्त साजरा करायची तिथली जुनी रीत. मी क्राकूफला नोकरीला होते तेव्हा ४ डिसेंबरला आमच्या ऑफिसातली बार्बरा सकाळीच घरी केलेला खसखशीचा केक घेऊन आली, मला वाटलं वाढदिवस आहे, तर म्हणाली छे, वाढदिवस जूनमध्ये, आज बार्बरांचा दिवस, आणि खालच्या मजल्यावरची दुसरी बार्बराही डबा घेऊनच आलेली. ज्याचा सण त्यानेच पेढे वाटायचे, आपल्यासारखंच. सगळे तिला 'स्तो लात' म्हणत होते, शब्दशः शंभर वर्षं, म्हणजे आपलं शतायुषी व्हा!

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ज्याचा वाढदिवस त्याला पोलिशमध्ये 'युबिलात' म्हणतात पण ज्याचा नेम डे त्याला वेगळा शब्द आहे, 'सोलेनिझांत'. आपल्याकडे त्याला इतका चपखल शब्द तयार आहे, उत्सवमूर्ती! अनुवादात कुठे हा शब्द आला तर डोळे मिटून उत्सवमूर्ती लिहा.

आता नेम डेला काय. 'नामदिन' चूक नाही, प्रस्तावनेत किंवा टिपेत खुशाल वापरा. पण संवादात तो शिक्षकदिन, कामगारदिन यांच्या रांगेतला सरकारी शब्द वाटतो, घरात कोणी असं बोलत नाही. मी 'नावाचा सण' म्हणेन. चेक लोक तर नेम डेला नुसतं 'स्वातेक' म्हणतात, म्हणजे सणच, आणि ग्रीकमध्येही 'आज तुझा सण आहे' अशाच अर्थाचं बोलतात. गोव्यातला फेस्त शब्दही जवळचा आहे, पण तो पोलिश बाईच्या तोंडी घातला की कथा उगाच मडगावला येते, म्हणून तो टाळा.

तर तुमचं वाक्य मी असं करेन: 'आज अन्नाच्या नावाचा सण, संध्याकाळी माणसं येतील.' पहिल्यांदा येईल तिथेच 'संत आनाचा दिवस म्हणून' एवढे चार शब्द घाला म्हणजे तळटीप लागणार नाही.