बाजाराच्या दिवशी लडलोला जा

प्रश्न: सप्टेंबरात आम्ही दोघं मुलीकडे बर्मिंगहॅमला चाललोय. लंडन जावई दाखवतीलच. मला तिकडचं एखादं बाजाराचं लहान गाव बघायचंय. घरी तीन पिढ्यांची तंबाखूची वखार, त्यामुळे बाजार बघायची आवड. मंडळींचे गुडघे मात्र दुखतात. कुठं जावं?
– एक वाचक, निपाणी

उत्तर: डोळे झाकून लडलोला जा. श्रॉपशरमध्ये, वेल्सच्या हद्दीजवळ आहे. श्रूजबरी किंवा हेरफर्डला गाडी बदलावी लागते. वस्ती दहा हजारांच्या आसपास, पण आब मोठ्या गावाचा. तो कशामुळे, हे आपल्या सीमाभागातल्या माणसाला लगेच उमगतं. वेल्सवर नजर ठेवायला, इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन सरदारांनी अकराव्या शतकाच्या शेवटी इथं किल्ला बांधायला घेतला. पुढं वेल्स आणि सीमेवरच्या मुलखाचा कारभार बघणारी परिषद याच किल्ल्यात बसायची. इंग्लंडचा राजा सातव्या हेन्रीचा थोरला मुलगा आर्थर 1502 साली इथंच वारला, पंधराव्या वर्षी. 1689 ला ती कारभारी परिषद मोडली, किल्ला ओस पडला. बाजार मात्र टिकला.

किल्ल्याच्या दारासमोरच्या चौकात सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी तो भरतो. सकाळीच जा. गिऱ्हाईक आणि दुकानदार एकमेकांची विचारपूस करत उभे असतात, कुणाला घाई नसते. तिथलं चीज आणि ताजा पाव घ्या, दुपारचं जेवण तेवढ्यात भागतं.

मग सेंट लॉरेन्सच्या चर्चमध्ये नक्की जा. तुमच्यासारख्या व्यापाऱ्यानं बघावीच अशी एक गोष्ट तिथं आहे. गायनकक्षातल्या जुन्या लाकडी बैठका उचलल्या की खाली कोरीव काम दिसतं. लांबलचक प्रार्थनेत उभ्या पाद्र्यांना हळूच टेकता यावं म्हणून केलेली ही सोय. त्यातल्या एकीवर माप मारणारी दारूविक्रीण आहे. सैतानानं तिला खांद्यावर उलटी टाकलीय, तिचं खोटं माप अजून तिच्या हातातच आहे, दुसरा सैतान तिच्या पापांची यादी वाचतोय आणि समोर नरकानं जबडा वासलाय. मध्ययुगातल्या सुतारानं हे देवाच्या घरात कोरावं, यावरून त्या गावात मापाला काय किंमत होती ते कळतं. मला तरी अख्ख्या किल्ल्यापेक्षा ही हातभर फळी मोलाची वाटते.

चर्चच्या मनोऱ्याला सुमारे 200 पायऱ्या आहेत, वहिनींनी त्या नादी लागू नये. ब्रॉड स्ट्रीटचा उतारही वरूनच बघा. खाली जुनी वेस आहे, पण परतीचा चढ गुडघ्यांना झेपायचा नाही. फेदर्स हॉटेलची 1619 ची लाकडी नक्षीची इमारत रस्त्यावरूनच छान दिसते.

एक मात्र करा. सप्टेंबरात किल्ल्यात खाद्यमहोत्सव असतो, 1995 पासून. गर्दी सोसत असेल तर त्याच दिवसांत जा, पण मुक्कामाची खोली मुलीला आत्ताच बघायला सांगा.