ग्राफ सरकवून लिमिट समजतं का?

तुम्ही विचारलंय की अकरावीत लिमिट (क्ष एखाद्या संख्येकडे जाताना उत्तर कोणत्या किमतीजवळ जातं ते) शिकताना ग्राफ सरकवणं, उलटवणं, ताणणं याचा काही उपयोग होतो, की सरळ सूत्रं पाठ करावीत.

उपयोग होतो. जे नाही म्हणतात त्यांनी स्वतः कधी करून बघितलेलं नसतं.

मी म्हापशाला हायर सेकंडरीत असताना चाचणीत (३क्ष − ५)/(क्ष − २) आलं होतं. क्ष २ कडे गेला तर काय, अनंताकडे गेला तर काय? मी त्याची ३ + १/(क्ष − २) अशी फोड केली, १/क्ष चा ग्राफ काढला आणि दोन घरं उजवीकडे, तीन घरं वर नेला. २ च्या डावीकडून तो खाली कोसळतो, उजवीकडून वर सुटतो, म्हणजे तिथे लिमिट नाही, अनंताकडे ३. दोन्ही उत्तरं बरोबर असूनही सरांनी लाल पेनाने काट मारली आणि वर्गासमोर म्हणाले, "हा ड्रॉइंगचा पेपर नव्हे." चूक कुठे आहे, असं मी उभं राहून विचारलं. "खाली बस" एवढंच उत्तर आलं. मला त्याचा राग अजून आहे, कारण ग्राफ सरकवणं हीच तिथे रीत होती. ग्राफ दोन घरं उजवीकडे गेला की जे शून्यापाशी घडत होतं तेच २ पाशी घडतं. यात ड्रॉइंग कुठे आलं?

आता मी फोंड्यात शिकवणी घेतो. क्ष शून्याकडे जाताना साइन ३क्ष भागिले क्ष याचं लिमिट ३ हे मुलं पाठ करून येतात, पण का ते सांगता येत नाही. साइन क्ष/क्ष चा ग्राफ शून्याजवळ १ च्या उंचीकडे जातो. तो आडवा तिपटीने दाबला तरी ती उंची १ च राहते. मग उभा तिप्पट ताणला की ३. तसंच |क्ष|/क्ष उभ्या अक्षात उलटवा, डावं आणि उजवं लिमिट जागा बदलतात. एकदा हाताने काढलं की डावं-उजवं पुन्हा घोटावं लागत नाही.

मात्र साइन(१/क्ष) ला हे लागू करू नका. ते कितीही ताणलं तरी शून्याजवळची वर-खाली थांबत नाही. त्याला क्ष ने गुणलं तर लिमिट शून्य येतं, पण तिथे सँडविच थिअरमच (वरच्या आणि खालच्या ग्राफचं लिमिट एकच असेल तर मधल्याचंही तेच) लागतं. आणि बोर्डाच्या पेपरात बीजगणिताच्या पायऱ्या लिहाच, मार्क त्यांना असतात. ग्राफ आधी रफ पानावर काढा.