आधी शेजाऱ्यांना विचार

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सोबतचा संग्रहालयाच्या नूतनीकरणाचा आराखडा वाचला, सल्लागारांनी काढलेली रंगीत चित्रंही पाहिली. पण माझं मन अडकलं ते तुझ्या शेवटच्या परिच्छेदात. संग्रहालयाच्या मागच्या गल्लीतली माणसं रोज फाटकावरून जातात, आत कधी येत नाहीत, आणि हे सगळं बांधून झालं तरी ती येतील असं तुला मनातून वाटत नाही. वरिष्ठ म्हणतात, मार्चच्या आत निधी खर्ची पडू दे, लोकांचं पुढे बघू. आराखड्याच्या मंजुरीच्या टिप्पणीवर सही करू का, असं तू विचारतोस.

नको करू. निदान आहे त्या स्वरूपात तरी नको.

आराखड्यात टचस्क्रीन आहेत, भिंतभर प्रोजेक्शन आहे, काचेचा दर्शनी भाग आहे, कॅफे आहे. ‘लोकसहभाग’ असा मथळाही आहे आणि त्याखाली उद्घाटनानंतर घ्यायच्या कार्यशाळांची यादी. उद्घाटनानंतर! भिंती उभ्या राहिल्या, ठेकेदाराची बिलं निघाली, की मग माणसांना बोलवायचं. अरे, विचारायचं असतं ते आधी. नकाशा अजून पेन्सिलीत असतो तेव्हा. एखादं दालन रद्द होऊ शकतं, दरवाजा दुसऱ्या बाजूला जाऊ शकतो, अख्खा विषय बदलू शकतो, तेव्हा.

1967 साली वॉशिंग्टनच्या अ‍ॅनाकोस्टिया भागात, एका जुन्या चित्रपटगृहात, स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहालय-संस्थेने एक छोटं वस्ती-संग्रहालय उघडलं. संचालक म्हणून नेमला जॉन किनार्ड. तो वस्तीत काम करणारा तरुण धर्मोपदेशक होता, संग्रहालयातला माणूस नव्हे. 1969 मध्ये तिथे प्रदर्शन लागलं ते उंदरांवर. वस्तीतल्या मुलांच्या बोलण्यात घरातले उंदीर सतत येत होते, म्हणून. जिवंत उंदीर ठेवले होते, रोग कसे पसरतात, कचरा का साठतो, हे मांडलं होतं. शहराच्या मध्यभागी बसलेल्या कुठल्याही तज्ज्ञ समितीला हा विषय सुचला नसता. त्यांच्या घरात उंदीर नव्हते. तुझ्या सल्लागारांची अडचण नेमकी हीच आहे. ते हुशार आहेत, पण ते त्या गल्लीत राहत नाहीत आणि त्यांनी कुणाला विचारलेलं नाही.

केपटाऊनचं डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालय बघ. डिस्ट्रिक्ट सिक्स ही तिथली एक वस्ती. 1966 साली तो भाग फक्त गोऱ्यांसाठी म्हणून जाहीर झाला आणि पुढच्या काळात साठ हजारांहून जास्त माणसांना तिथून उठवलं. 1994 मध्ये एका जुन्या चर्चमध्ये संग्रहालय सुरू झालं, तेव्हा जमिनीवर त्या वस्तीचा मोठा नकाशा अंथरला आणि जुन्या रहिवाशांनी आपलं घर कुठे होतं ते त्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं. माहितीफलक लिहायला कुणाला नेमावं लागलं नाही. त्या नकाशाला किती खर्च आला असेल? आणि तुझ्या प्रोजेक्शनला किती येणार आहे?

‘आमच्याकडच्या लोकांना रस नाही’ हे वाक्य तू पत्रात लिहिलं आहेस. ते पुन्हा लिहू नकोस. मी नोकरीभर ते ऐकलं आणि दर वेळी ते म्हणणाऱ्याने एकाही माणसाला काही विचारलेलं नसायचं. आपलं संग्रहालय सकाळी दहाला उघडतं आणि पाचला बंद होतं. त्या गल्लीतली कमावती माणसं कामावर असतात नेमके तेच तास. फाटकावरचा पहिला शब्द ‘बॅग ठेवा’, आतला पहिला शब्द ‘हात लावू नका’. मग रस नाही म्हणायचं! तिकीट माफ केलं की लोक येतील, असंही आराखड्यात गृहीत धरलं आहे. ब्रिटनमधल्या राष्ट्रीय संग्रहालयांनी 2001 च्या अखेरीस प्रवेश मोफत केला. भेटी भरभरून वाढल्या, पण येणाऱ्यांचा वर्ग फारसा बदलला नाही. जे आधी येत होते तेच जास्त वेळा येऊ लागले. तिकीट काढून टाक, जरूर काढून टाक. पण तेवढ्याने मागची गल्ली आत येत नाही.

आमच्या वस्त्र-दालनात एक हातमाग होता. पॉलिश केलेला, वर छान दिवा सोडलेला, फलकावर लाकडाची जात आणि अंदाजे साल. एक वयस्क बाई बराच वेळ त्याच्यासमोर उभ्या होत्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, “ताई, फणीच्या घरांतून ताणा ओवलाच नाही. नुसता वरून बांधलाय. असल्या मागावर वीतभर कापड निघणार नाही.” मग खाली वाकून त्यांनी पायाने दाबायच्या पावडीकडे बोट केलं. एका बाजूला लाकूड झिजून खोलगट झालं होतं. “विणणाऱ्याचा उजवा पाय जोराचा होता,” म्हणाल्या. आमच्या नोंदवहीत त्या मागाची लांबी-रुंदी होती, खरेदीचा दिनांक होता. विणणाऱ्याचा पाय नव्हता.

त्यानंतर मी ते दालन बंद केलं आणि विणकर घरांतून माणसं बोलावली. माग पुन्हा ओवायचा, त्यांनी सांगितलेलं उतरवून घ्यायचं, मग मांडणी ठरवायची. या सगळ्यात वर्ष गेलं. त्या वर्षीचा नूतनीकरणाचा निधी परत गेला आणि त्याचं खापर माझ्यावर फुटलं. बाई आडमुठ्या आहेत, कामं अडवतात, असं फायलीवरसुद्धा आलं. मला आजही त्याबद्दल काही वाटत नाही. तो निधी ज्या दिव्यांसाठी होता, त्या दिव्यांत कापड टिकलं नसतं. जुन्या कापडाला आणि कागदाला साधारण 50 लक्स प्रकाशाची मर्यादा धरतात, हे मी लेखी कळवलं होतं. मी अडवलं ते बरोबर अडवलं. माग चालता झाला, आणि तो चालताना बघायला जी माणसं आली ती त्याआधी कधी पायरी चढली नव्हती.

खंत आहे ती वेगळ्याच गोष्टीची. भांडारात गिरणी कामगारांच्या फोटोंची एक पेटी होती. फोटोंच्या मागे एक अक्षर नाही. मला ते वस्तीत नेऊन दाखवायचे होते. ‘संग्रहातली वस्तू आवाराबाहेर नेता येत नाही’ म्हणून वरून परवानगी अडली. प्रती काढायला मान्यता मिळेपर्यंत ते चेहरे ओळखणारी माणसं एकेक करून गेली. आता त्या फोटोंखाली ‘कामगारांचा समूह’ असं लिहिलेलं आहे आणि ते तसंच राहणार. उशिरा विचारलं की असं होतं. म्हणून तुझ्यामागे लागते आहे.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराने 1990 मध्ये ‘ओपन म्युझियम’ सुरू केलं. संग्रहातल्या खऱ्या वस्तू तुरुंगात, रुग्णालयात, वस्तीतल्या केंद्रांत जाऊ लागल्या, लोकांच्या हातात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची प्रदर्शनाची बस 2015 पासून फिरते आहे. तेव्हा ‘वस्तू बाहेर जाऊ शकत नाही’ असं कुणी म्हणालं तर ही उदाहरणं टिप्पणीत घाल.

दर्जा घसरेल, लोक काहीही मागतील, असा आक्षेप येईल. ग्लासगोच्याच केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालयाने नूतनीकरणाआधी लोकांशी आणि शिक्षकांशी सविस्तर बोलून मांडणी ठरवली. 2006 मध्ये ते पुन्हा उघडलं, तेव्हा एकाच छताखाली चित्रकार दालीचं क्रूसावरच्या ख्रिस्ताचं चित्र होतं आणि छताला टांगलेलं स्पिटफायर हे लढाऊ विमानही. दालनं छोट्या-छोट्या कथांत मांडली, म्हणजे पुढे एखादी बदलायची झाली तर सगळं उखडावं लागू नये. यात दर्जा कुठे घसरला? आणि संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने 2022 साली प्रागमध्ये जी नवी व्याख्या मंजूर केली, तिच्यात समुदायांचा सहभाग स्पष्ट लिहिलेला आहे. साहेबांना व्याख्या आवडतात, ती पहिल्या पानावर दे.

विचारायचं कसं, तर ‘आपल्याला संग्रहालय कसे वाटले’ असली प्रश्नावली छापू नकोस. एका ट्रेमध्ये चार वस्तू घे आणि संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बस. हे काय आहे, तुमच्या घरात होतं का, आम्ही लिहिलंय त्यात काय चुकलंय, एवढं विचार आणि गप्प राहा. काय बदलणं शक्य नाही तेही तिथेच सांगून टाक, खोट्या आशा लावू नकोस. त्यांच्या वेळेचं मानधन दे. सल्लागाराला देतोस ना? मग महिन्याभराने परत जा आणि तुमच्या सांगण्यावरून काय बदललं ते दाखव. हे परत जाणं सगळे टाळतात. तू टाळू नकोस.

यंत्रांना माझा विरोध आहे असं समजू नकोस. भांडारातली ओल मोजणारी उपकरणं घे, दिवे बदल, चाकाच्या खुर्चीसाठी उतार कर. त्यासाठी कुणाच्या मताची वाट बघू नकोस. पण दालनात काय असावं, हे त्या गल्लीला विचारल्याशिवाय ठरवू नकोस. आणि परिचरांनाही विचार. दिवसभर स्टुलावर बसणाऱ्या माणसाला कोण कुठे थांबतं आणि कोण दारातून मागे फिरतं, हे तुझ्या सल्लागारापेक्षा जास्त कळतं. आराखड्यात त्यांच्या प्रशिक्षणाला एक रुपयाही ठेवलेला नाही, हे तुझ्या लक्षात आलं का?

आता काम. टिप्पणीत ‘आराखड्यापूर्वीची विचारणा’ ही वेगळी बाब टाक, तिला सहा महिने आणि मानधनाची तरतूद माग. ते तीन महिने देतील, तरी घे. निविदा त्यानंतरच काढावी, ही अट लेखी असू दे, तोंडी आश्वासनावर जाऊ नकोस. मसुदा झाला की साहेबांकडे जायच्या आधी मला पाठव. मानधन कुठल्या लेखाशीर्षात बसतं ते मला माहीत आहे, तिथेच फाईल परत येते.

कळावे.