भाड्याच्या गाडीचा अपघात आणि प्रवाशाकडून लिहून घेतलेली चिठ्ठी

प्रश्न : मी परभणीची, वय 46, शिक्षिका. सुट्टी काढून एकटीच हंपी, बदामी, विजयपूर बघायला गेले. ओळखीतून ड्रायव्हरसह गाडी ठरवली होती. किलोमीटरला 14 रुपये, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. परतताना रात्री कळंब सोडल्यावर अंबाजोगाईच्या वाटेवर गाडी उसाच्या उभ्या ट्रॉलीला मागून धडकली. माझं डावं मनगट मोडलं, ड्रायव्हरच्या छातीला मार लागला. दुसऱ्या दिवशी मालक दवाखान्यात आला. ‘रात्री गाडी पळवायला तुम्हीच सांगितलं’ म्हणत त्यानं वहीच्या पानावर 1 लाख 80 हजार रुपये देण्याची चिठ्ठी लिहून घेतली. सही आणि कोरा चेक घेतल्यावरच माझी बॅग दिली. गाडीची नंबरप्लेट पांढरी होती, हे मला नंतर कळलं. पोलिसांनी फक्त डायरीत नोंद केली आहे. ड्रायव्हर फोन करून म्हणतो, ‘ताई, माझं नाव घेऊ नका.’ घरचे म्हणतात, एकटीला जायचं कशाला? महिना झाला. हे पैसे मला द्यावे लागतील का?

उत्तर : ताई, नाही. गाडीच्या दुरुस्तीचा एक रुपयाही तुम्ही देणं लागत नाही. झालेल्या प्रवासाचं भाडं राहिलं असेल तर तेवढाच तुमचा व्यवहार.

गाडी मालकाची आणि ड्रायव्हरही त्याच्याच पगारावरचा, तेव्हा ड्रायव्हरच्या चुकीची जबाबदारी मालकावर येते. भाडं भरून मागच्या सीटवर बसलेला माणूस कायद्यानं गाडीचा मालक ठरत नाही. ‘लवकर पोहोचू या’ असं तुम्ही म्हणाला असलात, तरी स्टिअरिंग तुमच्या हातात नव्हतं. आणि एकटीला जायचं कशाला, हा प्रश्न कुठल्याही कायद्यात नाही. न्यायालयात कुणी तो काढलाच, तर तुमच्या वकिलानं तिथंच हरकत घ्यावी.

आता चिठ्ठी. भारतीय करार कायदा 1872 चा, पण त्याचं कलम 15 जणू तुमच्यासाठीच लिहिलंय. एखाद्याची वस्तू बेकायदा अडवून त्याला करार करायला लावणं, याला त्या कलमात बळजबरी म्हटलं आहे. तुमची बॅग अशीच अडवली होती. आजारपणामुळे किंवा शरीराच्या त्रासामुळे ज्याची विचारशक्ती डळमळली आहे, त्याच्याकडून गैरफायद्यानं लिहून घेतलेल्या कराराबद्दल कलम 16 आहे. मोडलेल्या हातानं खाटेवर पडलेल्या बाईला त्याहून वेगळं काय म्हणायचं? असा करार तुम्हाला रद्द करता येतो. मात्र गप्प बसून तो रद्द होत नाही. ‘ही चिठ्ठी आणि चेक बॅग अडवून घेतले, मला ते मान्य नाहीत, चेक परत करा’ असं पत्र मालकाला आजच स्पीड पोस्टानं पाठवा. पोचपावती जपून ठेवा.

चेकचं पेमेंट थांबवायला बँकेला लेखी कळवा. तरी निर्धास्त राहू नका. पेमेंट थांबवल्यामुळे चेक परत गेला तरी न वटलेल्या चेकबद्दलची, चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम 138 ची नोटीस येऊ शकते, आणि चेकवर सही असली की तो देण्यापोटीच दिला असं न्यायालय आधी धरून चालतं. ते खोडायचं काम तुमचं. हे पत्र, दवाखान्यात दाखल असल्याच्या तारखा आणि त्या वेळी खोलीत हजर असलेल्या माणसाची साक्ष तिथं उपयोगी पडेल. नोटीस आली तर 15 दिवसांच्या आत वकिलाकडून उत्तर गेलंच पाहिजे.

इथवर बचाव झाला. खरं तर भरपाई मागण्याचा हक्क तुमचा आहे, आणि घाई तिथं करायची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली अपघात झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. या मुदतीवरून न्यायालयांत वाद चालू आहेत, पण त्या भरवशावर राहू नका. अपघात कळंबकडे झाला असला तरी तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे परभणीच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज चालतो.

पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी. भाड्याच्या टॅक्सीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी असतात. परवान्याशिवाय भाडं मारल्याबद्दल कलम 192-अ खाली पहिल्या वेळी 10,000 रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे प्रकरण गाडी चालवणाऱ्यावर आणि वापरू देणाऱ्यावर शेकतं, प्रवाशावर नाही. पण विमा कंपनी नेमकं इथंच बोट ठेवणार : खासगी पॉलिसी, वापर भाड्याचा. परवाना नसणं हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये अमृतपाल सिंग प्रकरणात म्हटलं. त्याच प्रकरणात कंपनीनं आधी भरपाई द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, हा आदेशही कायम ठेवला. तुमच्या बाबतीत तसंच होईल याची हमी मी देत नाही.

म्हणून त्या ट्रॉलीकडे नीट बघा. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की आपल्याकडच्या रस्त्यांवर काय चालतं, हे परभणीकरांना वेगळं सांगायला नको. टायर फुटलेली ट्रॉली अर्ध्या डांबरावर उभी, मागे रिफ्लेक्टर नाही, उसाची वाढी पार खालपर्यंत लोंबलेली, आणि इशारा म्हणून मागे चार दगड, फार तर एक निंबाची फांदी. अशा धोकादायक जागी वाहन सोडायला कायद्याची मनाई आहे. तुम्ही प्रवासी असल्यामुळे दोघांच्या चुकीत तुमचा वाटा शून्य. अशा वेळी पूर्ण भरपाई दोघांपैकी कुणाकडूनही मागता येते, त्यांनी आपसांतला हिशेब नंतर करावा. 2015 च्या खेनयेई निकालात हे स्पष्ट केलं आहे. ट्रॅक्टरचा मालक आणि त्याची विमा कंपनी यांना अर्जात सामील करायला विसरू नका. त्या विम्याच्या दृष्टीनं तुम्ही तिऱ्हाईत आहात, त्यामुळे तिथली बाजू जास्त भक्कम आहे.

यासाठी डायरीतली नोंद पुरत नाही, गुन्हा नोंदवावा लागेल. हात प्लास्टरमध्ये असताना कळंबच्या चकरा नकोत. परभणीच्या ठाण्यातही शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवता येतो, ते तो पुढे पाठवतात. नाकारलं तर लेखी तक्रार पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा. दवाखान्यातल्या वैद्यकीय-कायदेशीर नोंदीची प्रत घ्या. भाडं ठरवतानाचं व्हॉट्सॲपवरचं बोलणं, यूपीआयची पावती, लॉजची बिलं, यातलं काहीही पुसू नका. भाड्याचे पैसे परत मिळवण्यासाठी ग्राहक आयोगात वेगळी तक्रार करता येते. तिथं मुदत दोन वर्षांची, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

ड्रायव्हरचा फोन तुम्हाला सलतोय, हे पत्रातून जाणवतं. त्याचं नाव तुम्हाला लपवता येणार नाही, आणि खोटा जबाब दिलात तर दावाही बुडेल. पण पूर्ण खरं सांगितलंत तर त्यात त्याचीही बाजू येईल. त्याला विचारा : या सहलीआधीची रात्र तो कुठं होता? लग्नाचं भाडं मारून आलेल्या माणसाला झोप न देता मालकानं थेट तुमच्या दाराशी पाठवलं असेल, तर ते जबाबात यायला हवं. आठ तासांहून जास्त चाकावर बसवणं कायद्यात बसत नाही. कामावर असताना दुखापत झाली म्हणून मालकाकडून भरपाई मागण्याचा हक्क त्यालाही आहे, आणि बहुतेक त्याला हे कुणी सांगितलेलं नसेल. तुम्ही सांगा.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर परभणीच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. 1987 च्या कायद्यानुसार बाईला तिथं मोफत वकील मिळतो, पगार कितीही असो. फोन 15100. जाताना चिठ्ठीची प्रत किंवा फोटो, दवाखान्याची कागदपत्रं आणि मालकाला पाठवलेल्या पत्राची पोचपावती सोबत न्या.