डीलरशिपचं नंतर बघू, समन्स कोणत्या तारखेला घेतलंत?

नागपुरातल्या सीताबर्डीवरच्या एका दुकानदाराचं पत्र आहे. मिक्सर, इस्त्र्या विकतात, डीलरशिप नाही. रायपूरच्या एका अधिकृत डीलरचा पडून राहिलेला माल पक्क्या बिलाने घेतात, थोडा तिथल्याच इतवारी बाजारातून कच्च्या पावतीवर. कंपनीने दिल्लीच्या कमर्शियल कोर्टात ट्रेडमार्कभंगाचा दावा लावला. समन्स पोळ्याच्या चार दिवस आधी हातात पडलं आणि ‘दिवाळीचा सीझन निघून जाऊ द्या’ म्हणून गल्ल्याखालच्या ड्रॉवरमध्ये गेलं. आता भाऊबीज झाल्यावर विचारतात, “डीलर नसताना ओरिजनल माल विकणं गुन्हा आहे का?”

हा प्रश्न मला सतत येतो, म्हणून थोडक्यात. गुन्हा नकली मालाचा. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम ३०(३) प्रमाणे, कंपनीनेच बाजारात आणलेला माल तुम्ही कायदेशीर मार्गाने घेतला असेल, तर तो पुढे विकला एवढ्यावरून ट्रेडमार्कभंग होत नाही. कपिल वाधवा विरुद्ध सॅमसंग या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय खंडपीठाने २०१२ साली परदेशातून आणलेल्या प्रिंटरनासुद्धा हेच लावलं. फक्त ‘कंपनीची वॉरंटी नाही’ असं दुकानात ठळक लिहायला सांगितलं. दावा दिल्लीत आहे म्हणून घाबरलात, पण हा निकाल तिथल्या कमर्शियल कोर्टावर बंधनकारक आहे. रायपूरवाल्याने इलाख्याबाहेर माल विकून कंपनीशी केलेला करार मोडला असेल, तर ते त्या दोघांनी बघावं.

एवढा चांगला बचाव असलेला माणूस समन्स ड्रॉवरमध्ये टाकतो, याचा मला राग येतो.

कमर्शियल दाव्यात लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं लेखी उत्तर, समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत द्यायची. कारण पटलं तर कोर्ट खर्च बसवून मुदत वाढवतं, पण १२० दिवसांपर्यंतच. त्यानंतर कैफियत देण्याचा हक्कच जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एससीजी कॉन्ट्रॅक्ट्सच्या निकालात हे इतकं स्पष्ट केलंय की आजारपण, लग्न, सीझन, काहीही सांगा, १२१ व्या दिवशी उपयोग नाही. एरवी आपल्या दिवाणी कोर्टात तारखांवर तारखा पडतात, पक्षकार म्हातारे होतात. त्या सवयीने तुम्ही निवांत राहिलात. पोळ्याची अमावस्या ते दिवाळीची अमावस्या ५९ दिवस. मागचेपुढचे धरून तुमचे ६५ गेले. उरले ५५, आणि त्यातला एकही हक्काचा नाही, प्रत्येक दिवसाचं कारण द्यावं लागेल.

कैफियतीसोबतच कागदही जोडायचे. नंतर आणले तर परवानगी मागत बसावं लागतं. रायपूरची बिलं सापडत नाहीत म्हणता. जीएसटी पोर्टलवरचं तुमचं टूबी (GSTR-2B) स्टेटमेंट, म्हणजे तुमच्या खरेदीची यादी, काढा, त्या डीलरने भरलेल्या प्रत्येक बिलाचा नंबर, तारीख, रक्कम तिथे दिसेल. मग बिलांच्या प्रती त्याच्याकडून मागा. इतवारीच्या मालाबद्दल मी फार आशा दाखवणार नाही. कच्च्या पावतीवरचा माल ‘कायदेशीर मार्गाने घेतला’ हे सिद्ध कसं करणार? तो वेगळा काढून ठेवा, विकू नका.

पत्राच्या शेवटी सहज लिहिलंत की रायपूरवाल्याच्या सांगण्यावरून खोक्यांवरचे सीरियल नंबरचे स्टिकर काढून टाकलेत. हे सहज नाही. मालाची स्थिती बदलली तर कलम ३०(४) खाली कंपनीला हरकत घेता येते. खोक्यावरचं स्टिकर म्हणजे मालाची स्थिती का, यावर दोन्हीकडून वाद होईल. मशीनवरचा नंबर शाबूत असेल तर तुमची बाजू बरी, एवढंच आज म्हणतो.

आज रात्रीच समन्सचा अख्खा गठ्ठा वाचा. त्यात अंतरिम मनाईहुकूम असेल आणि तुम्ही सीझनभर विकत राहिला असाल, तर प्रकरण मालमत्ता जप्तीपर्यंत, तीन महिन्यांच्या दिवाणी कैदेपर्यंतही जाऊ शकतं. गठ्ठ्यात असा हुकूम सापडला तर विक्री तत्काळ बंद. नसला तरी दिल्लीतल्या वकिलाला वकीलपत्र याच आठवड्यात पोचलं पाहिजे.

पाटीवर कंपनीचा लोगो आणि ‘अधिकृत विक्रेता’ लिहिलंय, त्याला कलम ३०(३) चा आधार नाही. पाटीचा फोटो काढून ठेवा आणि लोगो, मजकूर दोन्ही पुसा. पेंटर उद्या येतो म्हणाला तर स्वतः शिडी लावा.