विंचरू देत नाही म्हणजे राग नव्हे

“मला बघितलं की पलंगाखाली जाते. मुलाच्या मांडीवर झोपते, ह्यांच्या पायात घुटमळते. वैर फक्त माझ्याशी.” सल्ला विचारायला आलेल्या बाईंच्या मनगटावर ओरखडे होते. पर्शियन मांजरी चार वर्षांची, आणि तिला विंचरायचं काम सुरुवातीपासून बाईंकडेच. ती आपला राग करते का, तिला दुसऱ्या घरी द्यावं का, असं त्यांना विचारायचं होतं.

लांब केसांचं मांजर पाळणाऱ्यांपैकी हा प्रश्न घेऊन येतो तो बहुतेक वेळा तिचं सगळं करणारा माणूस. कंगवा त्याच्याच हातात असतो ना!

कंगवा नेमका कुठे पोचला की ती चावते, असं आम्ही विचारलं. पाठीवर काही नाही. काखेत, कानामागे आणि मागच्या मांड्यांवर. अर्धं उत्तर तिथेच मिळालं. या जातीला वरच्या लांब केसांखाली कापसासारखी दाट लव असते. जिभेवरचे काटे इतक्या लांब केसांतून कातडीपर्यंत नीट पोचत नाहीत, त्यामुळे गळलेली लव आतच अडकते आणि जिथे अंगाला अंग घासतं तिथे जट होते. जट कातडी सतत ओढून धरते. चालताना दुखतं, कंगवा लागला की जास्त दुखतं.

घरात वापरात होता मऊ ब्रश. तो वरवर फिरतो, केस चकाकतात आणि खाली गुंता वाढत राहतो. मग गुंता सुटेल म्हणून तिला आंघोळ घातली गेली. ओली लोकर आवळून नमदा, म्हणजे घट्ट जाड थर होतो, तसंच जटांचं झालं. त्यानंतर दर रविवारी दोघांनी टॉवेलमध्ये धरून तासभर ओढाताण. पलंगाखालची जागा मांजरीनं तेव्हा शोधली.

आणखी एक विचारावं लागतं: आधी नीट राहणाऱ्या मांजराच्या अंगावर अचानक जटा का आल्या? दात दुखत असले, सांधे धरले असले किंवा वजन वाढलं असलं, तर ते स्वतःला चाटणं कमी करतं. म्हणून पहिली चक्कर पशुवैद्याकडे. हिचं वजन वाढलेलं निघालं. मान वळवून मागच्या मांड्यांपर्यंत पोचता येत नव्हतं. वाटीभरून ठेवायचं बंद झालं, खाणं मोजून सुरू झालं.

जटा तिथेच, गुंगीचं औषध देऊन, मशीननं काढल्या. कात्री घरी मुळीच लावू नये. जट वर उचलली की पातळ कातडीही तिच्यासोबत उचलली जाते आणि कापली गेलेली कळतही नाही. “केस काढले तर पर्शियन कसली?” असं यजमानांचं म्हणणं. केस परत येतात. मात्र पुरते वाढायला काही महिने जातात.

पहिला आठवडा विंचरणं बंद. धातूचा कंगवा फक्त खाण्याच्या ताटलीशेजारी ठेवायचा. दुसऱ्या आठवड्यात पाठीवरून तीन हात, लगेच खाऊ, संपलं. मग रोज दोन मिनिटं: आधी रुंद दात, नंतर बारीक, केस बोटांनी बाजूला करत कातडीपर्यंत. लहान गाठ आली तर ती कातडीजवळ चिमटीत धरायची, म्हणजे ओढ बोटांवर येते, आणि टोकाकडून सोडवत मुळाकडे जायचं.

खरी मेख थांबण्याच्या वेळेत आहे. चावल्यावर थांबलं तर चावलं की सुटका होते एवढंच ती शिकते. शेपटीचं टोक आपटू लागलं, पाठीची कातडी थरथरली, कान आडवे झाले की हात मागे घ्यायचा. शक्य तर त्याच्याही आधी. (तरी चावलीच तर साबणानं धुऊन डॉक्टरांना दाखवा. सुळे बारीक असतात, जखम वरून मिटते आणि आत पू धरते.)

तिसऱ्या आठवड्यात ती मांडीवर घुरघुरली. बाईंना हुरूप आला आणि एकाच बैठकीत पंधरा मिनिटं विंचरणं झालं. मांजरी पुन्हा पलंगाखाली. मागे जाऊन, कंगवा चार दिवस नुसता ताटलीशेजारी ठेवण्यापासून सुरुवात करावी लागली. असं होतंच.

कामाची वाटणीही बदलली. खाणं आता बाई देतात. चपट्या चेहऱ्यामुळे डोळ्यांतून सारखं पाणी येतं, ते मुलगा रोज पुसतो: ओला कापूस, नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेर, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. नकोसं काम एकाच माणसाच्या वाट्याला राहिलं नाही.

दुसऱ्या घरी दिली असती तर जटाही तिच्यासोबत गेल्या असत्या, हे बाई दुसऱ्या भेटीत स्वतःच म्हणाल्या. दोन महिन्यांनी काख आणि मांड्या विंचरून होतात. पोटाला मात्र ती अजून हात लावू देत नाही. तिथले केस मशीननं बारीक ठेवायचे, असं ठरलं आहे.