हळदीने कोंबडीचे यकृत सुधारेल का?

प्रश्न : अंडी देणारी एक कोंबडी अचानक मेली. तिचे यकृत पिवळट, सुजलेले आणि बोटाने दाबताच फुटणारे निघाले. खाद्यात हळद मिसळावी का?

उत्तर : असे यकृत बहुधा बुरशी लागलेल्या मक्यातील अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषामुळे किंवा अतिऊर्जेच्या खाद्याने साठलेल्या चरबीमुळे होते. या विषाच्या बी-१ या प्रकाराला खरे घातक रूप यकृतातील विकरेच (एन्झाइम) देतात. हळदीतील कर्क्युमिन ही क्रिया काही अंशी रोखते, असे पिलांवरील प्रयोगांत दिसले आहे. सिलिमरिन हे वनस्पतिजन्य द्रव्यही यकृतपेशींचे रक्षण करते. मात्र कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते, त्यामुळे मूठभर हळदीवर भिस्त ठेवू नये. आधी मका बदलावा आणि उरलेला तपासून घ्यावा. दोष चरबीचा निघाल्यास खाद्यातील ऊर्जा व कोलिन या पोषकद्रव्याचे प्रमाण पशुवैद्यकांकडून ठरवून घ्यावे.